तवंदी घाटात थांबलेल्या येझदीबद्दल, गॅरेजकडून उत्तर

नमस्कार दादा,

एक स्टारचा तुमचा रिव्ह्यू वाचला. चौघं मित्र जुन्या गाड्या घेऊन कोल्हापूरहून बेळगावच्या शोला निघालात. दोन बुलेट, एक जावा आणि तुमची येझदी. तिघं पोहोचले. तुमची गाडी तवंदी घाटात बंद पडली आणि निपाणीहून छोट्या हत्तीत घालून घरी आणावी लागली. सर्व्हिसिंगचे ४,५०० रुपये पाण्यात गेले, फोनवर मिस्त्री उद्धटपणे बोलले आणि आम्ही पॉइंट (ठिणगी पाडणारी जुनी यंत्रणा) काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं नाही म्हणूनच हे घडलं, असं तुम्ही लिहिलंय. भर मे महिन्यात, मित्र पुढं गेलेले असताना घाटात एकटं उभं राहायचं म्हणजे काय ते मला कळतं. शो हुकल्याचं वाईटही वाटतं. पण गाडी का थांबली याचं कारण तुमच्याच रिव्ह्यूत आहे, म्हणून इथंच सगळ्यांसमोर सविस्तर लिहितो.

तुम्ही लिहिलंय, "किक दगडासारखी घट्ट झाली, खाली जाईनाच. अर्ध्या तासानं आपोआप सुटली आणि गाडी चालू झाली." पॉइंट, कंडेन्सर किंवा कॉइल गेली तर ठिणगी पडत नाही, पण किक मोकळीच जाते. हवी तेवढी मारा, गाडी फक्त चालू होत नाही. किकच अडकली याचा अर्थ पिस्टन सिलिंडरमध्ये धरला. गाडी सीझ झाली होती. येझदीचा पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, सिलिंडर बिडाचा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. मधे ऑइलचा थर पुरेसा नसेल तर पिस्टन घासतो, आणखी तापतो, आणखी फुगतो आणि अडकतो. निवला की आकसतो आणि सुटतो. तिथं १२ व्होल्टचं इलेक्ट्रॉनिक इग्निशन असतं तरी हेच झालं असतं. आणि ते बसवू नका, शोमध्ये गाडी कंपनीतून आली तशीच दिसली पाहिजे, हे गाडी टाकताना तुम्हीच सांगितलं होतं. माझंही मत तेच होतं. पॉइंट नीट सेट केले तर ते दगा देत नाहीत.

आता ऑइल का कमी पडलं? येझदी टू-स्ट्रोक, तिच्या इंजिनाचं ऑइल पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. तुम्हीच लिहिलंय की कागलला ८ लिटर पेट्रोल भरलं आणि "ऑइलचा एक पाउचही टाकला होता". तो पाउच ४० मिलीचा, म्हणजे एका लिटरचा डोस. आम्ही गाडी दिली तेव्हा टाकीत ३ लिटर होतं, लिटरला ४० मिलीप्रमाणं मिसळलेलं. तुमचं ८ लिटर त्यात पडल्यावर ११ लिटरला एकूण १६० मिली ऑइल झालं. लिटरला जेमतेम १५. नवीन ८ लिटरलाच ३२० मिली लागत होतं. टाकीच्या झाकणाशेजारी हे प्रमाण लिहिलेली पट्टी आम्ही चिकटवून दिली होती. शोसाठी ती काढली असेल तर ठीक, पण आकडा लक्षात ठेवायला हवा होता. पूर्वी पंपावर टू-टी (टू-स्ट्रोकचं ऑइल) पेट्रोलमध्ये मिसळूनच मिळायचं, आता बहुतेक ठिकाणी ते मशीनच राहिलेलं नाही. त्यामुळं मापाची बाटली डिकीत पाहिजेच.

बुलेटवाल्या मित्रांना हा प्रश्नच येत नाही. फोर-स्ट्रोक गाडी, ऑइल इंजिनात वेगळं, पेट्रोल कुठलंही भरा. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर येईल तेवढंच ऑइल पिस्टनला आणि क्रँकच्या बेअरिंगला मिळतं. म्हणून बुलेटच्या मागं मागं, तिच्या वेगानं, चढाला थ्रॉटल पूर्ण पिळून येझदी हाणायची नसते. ग्रुपमध्ये टू-स्ट्रोक पुढं ठेवावी आणि तिच्या चालीनं बाकीच्यांनी यावं. मागच्यांना धूर खावा लागतो, खाऊ देत! तुमच्याबरोबरची जावा सुखरूप पोहोचली त्याचं कारणही तुम्हीच लिहिलंय. तो मित्र "फारच हळू चालवत" होता.

उतारावरची गोष्ट याहून फसवी आहे. थ्रॉटल बंद करून गाडी गिअरमध्ये सोडली की इंजिन जोरात फिरत राहतं, पण पेट्रोल जवळपास बंद, म्हणजे ऑइलही बंद. बरेच जण चढावर सांभाळतात आणि पन्हाळ्याहून उतरताना गाडी सीझ करून आणतात. उतरताना मधून मधून क्लच दाबून थ्रॉटल द्यावा.

वेळेबद्दलही बोलतो. मिसळ खाऊन दहाला निघालात. बेळगाव इथून ११० किलोमीटर, पहाटे साडेपाचला निघून कागल आणि निपाणीला पंधरा-वीस मिनिटं थांबला असता तर घाट थंड हवेत पार झाला असता. गाडी नेताना हे मी सांगितलं होतं.

पेट्रोल खराब होतं का, असंही तुम्ही विचारलंय. खराब नाही, पण आता त्यात २० टक्के इथेनॉल असतं. आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचंही असेल, त्याबद्दल कोल्हापूरकरानं तक्रार तरी कशी करायची! जुन्या कार्बोरेटरला मात्र त्यानं मिक्श्चर थोडं पातळ होतं (हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं) आणि जुने रबरी पाइप फुगतात. म्हणूनच मेन जेट (कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक) एक नंबर मोठा टाकला आणि पाइप बदलला. दोन्ही बिलात लिहिलंय.

मिस्त्रींच्या बोलण्याबद्दल. "किक मारू नका, गाडीला हात लावू नका, सावलीत बसा," असं ते म्हणाले. रांगडं बोलतात, मान्य. पण अडकलेल्या पिस्टनवर जोर लावला असता तर रिंगा तुटल्या असत्या. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला, त्यानंतर ओरिजिनल पिस्टन मिळणं नशिबावर आहे. तो सल्ला तुमच्या फायद्याचाच होता.

व्हिंटेज नंबरचं (जुन्या गाड्यांच्या वेगळ्या नोंदणीचं) काम आम्ही टाळलं, हेही तुम्ही लिहिलंय. २०२१ च्या नियमाप्रमाणं त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी लागते. तुमची बसत नाही. शिवाय तो नंबर घेतला की रोज फिरवता येत नाही.

आता गाडीचं बघू. घेऊन या, सिलिंडर तुमच्यासमोर उघडतो, उघडायची मजुरी घेणार नाही. पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे नसतील आणि दोष आमच्या कामात निघाला, तर ४,५०० परत देतो. ओरखडे असतील तर उद्यमनगरात होनिंग करून (सिलिंडर आतून घासून गुळगुळीत करून) नवीन रिंगा टाकू, तो खर्च तुमचा. रिबोअरची (सिलिंडर कापून मोठा करायची) गरज पडू नये असा माझा अंदाज आहे, गाडी नंतर चालू झाली होती. सोमवार सोडून कधीही या. तोवर चालू करू नका, टेम्पोतूनच आणा. आणि टाकीतलं पेट्रोल काढून टाकू नका, तसंच राहू द्या. त्यात ऑइल किती आहे ते दोघं मिळून बघू.