पहिलं कार्ड आणि रूकी कार्ड: तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार.

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय: "रूकी कार्ड म्हणून 45 डॉलरला भलतंच कार्ड मुलाच्या गळ्यात मारलं. त्याच्या बेसबॉल कोचनी बघताक्षणी सांगितलं की हे रूकी नाही. वर आम्ही गराज सेलमधून आणलेल्या पेटीला 'जंक' म्हणाले आणि त्यातलं जॉर्डनचं कार्ड खोटं ठरवलं. मराठी माणसाचं दुकान म्हणून मुद्दाम एडिसनला गेलो होतो." हे शेवटचं वाक्य मनाला फार लागलं.

कोचचं म्हणणं बरोबर आहे. ते रूकी कार्ड नाही. खेळाडूंच्या चित्रांची कार्डं जमवणारे रूकी म्हणतात ते खेळाडू सर्वोच्च लीगमध्ये (बेसबॉलमध्ये ती मेजर लीग) पोचल्यावरच्या त्याच्या पहिल्या कार्डाला.

त्या शनिवारी काउंटरवर जो मुलगा होता, त्याच्याशी मी बोललो. तुमच्या चिरंजीवांनी विचारलं, "हे त्याचं पहिलं कार्ड ना?" आणि तो म्हणाला, "हो, पहिलंच." कार्डावर बोमनचं 'फर्स्ट' असं चिन्हही आहे, त्यामुळे तो खोटं बोलला नाही. पण अकरा वर्षांचं पोर रूकी शोधतंय हे त्याने ओळखायला हवं होतं, आणि पैसे घेण्याआधी फरक सांगायला हवा होता. चूक आमची आहे. मी तुमची आणि विशेष करून तुमच्या मुलाची माफी मागतो.

आता तो फरक. बोमन हे टॉप्स या कार्ड छापणाऱ्या कंपनीचंच नाव. नुकतीच ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा) निवडलेली, अजून मेजरच्या खालच्या मायनर लीगमध्ये घाम गाळणारी पोरं या कार्डांवर आधी दिसतात, आणि 'फर्स्ट' म्हणजे बोमनमधलं त्या खेळाडूचं पहिलं कार्ड, एवढंच. रूकीचं 'आरसी' चिन्ह 2006 पासून आलं, आणि खेळाडू मेजर लीगच्या संघात पोचल्याशिवाय ते छापता येत नाही. आपल्या न्यू जर्सीतल्या मिलव्हिलचा माईक ट्राउट घ्या. एंजल्स संघाने त्याला 2009 मध्ये ड्राफ्टमध्ये घेतला आणि त्याच वर्षीच्या बोमनमध्ये त्याचं सहीचं कार्ड आलं. मेजर लीगमध्ये तो खेळला 2011 च्या जुलैत, आणि त्याचं रूकी कार्ड आहे 2011 चं टॉप्स अपडेट, नंबर यूएस175. 2009 च्या त्या सहीच्या कार्डाची एकच प्रत असलेली आवृत्ती 2020 मध्ये 39 लाख डॉलरच्या वर गेली, तरीही ती रूकी नव्हे.

म्हणजे तुमच्या मुलाकडचं कार्ड नकली नाही, टाकाऊही नाही. पण त्यावरचा खेळाडू मेजर लीगमध्ये पोचेल की नाही हे आज कुणीच सांगू शकत नाही. तुमचे 45 डॉलर त्या भरवशावर गेले, आणि ते तुम्हाला न सांगता गेले, हे मला पटत नाही.

बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनच्या कार्डाबाबत मात्र मी माझ्या शब्दावर ठाम आहे. त्याचं रूकी मानतात ते फ्लीअर कंपनीचं 1986-87 चं कार्ड, नंबर 57. तो एनबीएत आला 1984 मध्ये, पण टॉप्सने 1981-82 नंतर बास्केटबॉलची कार्डं काढणं थांबवलं होतं. मधल्या काळात स्टार कंपनीने त्याचं कार्ड काढलं, ते नेहमीच्या पाकिटात न येता एकेका संघाची कार्डं भरलेल्या पिशवीतून विकलं गेलं, आणि त्याला रूकी म्हणायचं का यावर जुने संग्राहक अजून वाद घालतात. फ्लीअरच्या या कार्डाच्या नकला इतक्या आहेत की मी ते भिंगाशिवाय हातातच घेत नाही. खऱ्या कार्डावर काळी अक्षरं सलग शाईची असतात. तुमच्या कार्डावर अक्षरांमध्येही चित्रासारखे बारीक ठिपके होते. त्या दिवशी गर्दी होती, मी बघून नुसतं "खोटं आहे" म्हणून मोकळा झालो. भिंग तुमच्या हातात द्यायला हवं होतं.

'जंक' शब्दाबद्दलही तसंच. 1980 च्या दशकाच्या शेवटी आणि 1990 च्या सुरुवातीला कंपन्यांनी कार्डं बेसुमार छापली. त्या काळाला आमच्या धंद्यात 'जंक वॅक्स' म्हणतात, 'वॅक्स' कारण पाकिटं मेणकागदाची असायची. रूकी असो वा नसो, ज्याच्या प्रती घरोघरी पडल्या आहेत त्याला भाव येत नाही. पण हौसेने पेटी उचलून आणलेल्या पोरासमोर हा शब्द असा टाकायचा नसतो.

त्याच पेटीत बेसबॉलपटू केन ग्रिफी ज्युनियरचं अपर डेक कंपनीचं 1989 चं कार्ड होतं, नंबर 1, त्या सेटमधलं पहिलंच कार्ड. ते मी स्लीव्हमध्ये (पातळ प्लास्टिकच्या पाकिटात) आणि वरून टॉपलोडर या कडक प्लास्टिकच्या कव्हरमध्ये घालून परत दिलं होतं, आठवत असेल. ते अस्सल रूकी आहे. दोन कोपरे पांढरे पडलेत, प्रतीही चिक्कार आहेत, त्यामुळे पैसे फार येणार नाहीत. विकू नका. तुमच्या मुलाकडे रूकी कार्ड आधीपासून आहे, हे त्याला नक्की सांगा.

45 डॉलर कधीही येऊन घेऊन जा. पावती नसली तरी चालेल, आमच्याकडे नोंद आहे. कार्ड त्याला ठेवायचं असेल तर ठेवू दे, पैसे तरीही देतो. शनिवारी दुपारनंतर मी स्वतः काउंटरवर असतो. येताना जॉर्डनचं कार्ड आणा, भिंग काढून ठेवतो.