कपाटात काँक्रीट ओतण्याआधी
कोलंबियाच्या शिल्पकार डोरिस साल्सेदो यांच्या काँक्रीट भरलेल्या कपाटांसारखं काम जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या सागवानी फर्निचरवर करून पाहा, असं एका लेखात वाचलं. पण वजनाचं काय? ४ फूट रुंद, ६ फूट उंच, दीड फूट खोल कपाट म्हणजे ३६ घनफूट, भरीव ओतलं तर जवळपास २.४ टन! वाड्याच्या माडीवर तर विचारही नको. आत थर्माकोलचा ठोकळा ठेवून भोवती दोन इंचांचा थर द्या, वजन तिसऱ्या हिश्श्यावर येतं. मात्र ठोकळा तारेने तळाशी घट्ट बांधा, नाहीतर ओल्या काँक्रीटमध्ये तो वर उसळतो. एका वेळी सहा इंचच ओता आणि थर आवळल्यावर पुढचा. घाई केली की पाठीची फळी फुगून सुटते.

लाकडाला आतून इपॉक्सीचे दोन हात हवेतच. कोरडं लाकूड पाणी पितं, फुगतं, नंतर आकसून काँक्रीटपासून सुटतं.

कपाटाऐवजी भांडी बाजारातली मोडीतली स्टीलची भांडी जोडून शिल्प करायचं तर ॲल्युमिनियमचे रिव्हेट टाळा. नाशकाच्या पावसात तेच आधी गंजतात. स्टीलचेच घ्या, महाग पडले तरी.