टायटॅनिकचे पोलाद खरोखरच दोषी होते का?

पोलादाच्या दोन तुकड्यांचे एक छायाचित्र वारंवार पुढे पाठवले जाते. त्यातला टायटॅनिकच्या कवचाचा तुकडा साफ दुभंगलेला आहे आणि आजच्या पोलादाचा नुसता वाकलेला आहे. सोबतच्या मजकुरात चार दावे असतात: पोलाद हलक्या प्रतीचे होते, धातू आघात किती सोसतो हे मोजणाऱ्या चार्पी चाचणीने ते काचेसारखे ठिसूळ ठरवले, म्हणून हिमनगाच्या धडकेने कवच फुटले, आणि आजच्या पोलादाने जहाज वाचले असते. मोजमापे खरी आहेत. निष्कर्ष मात्र त्यांतून निघत नाहीत.

पहिला दावा काळाचे भान सोडून केलेला आहे. त्या पोलादात गंधक ०.०६९ टक्के होते आणि मँगनीज ०.४७ टक्के, म्हणजे आजच्या मापाने गंधक फार जास्त आणि मँगनीज कमी. परंतु जहाजाचे पोलाद तेव्हा ताण देऊन आणि वाकवून पारखले जाई, आघाताने नव्हे. त्याच कारखान्यात, त्याच काळातल्या पोलादाने बांधलेले टायटॅनिकचे जुळे जहाज 'ऑलिंपिक' १९३५ पर्यंत चालले आणि १९१८ मध्ये त्याने एका जर्मन पाणबुडीला धडक देऊन ती बुडवली.

दुसऱ्या दाव्यासाठी चाचणीच समजून घ्यावी लागते. १० मिलिमीटर जाडी-रुंदीच्या आणि ५५ मिलिमीटर लांबीच्या कांडीला २ मिलिमीटर खोल खाच पाडतात आणि खाचेच्या मागच्या बाजूवर जड लोलक सोडतात. कांडी तोडून लोलक पलीकडे जितका कमी उंच जातो, तितकी जास्त ऊर्जा धातूने शोषलेली असते. हीच चाचणी वेगवेगळ्या तापमानांना केली की पोलाद कुठे चिवटपणा सोडून ठिसूळ होते ते दिसते. २० ज्यूल (ज्यूल हे ऊर्जेचे माप) इतक्या शोषलेल्या ऊर्जेची कसोटी लावल्यावर टायटॅनिकच्या पत्र्यासाठी हे तापमान लांबीच्या दिशेने ३२ अंश आणि आडव्या दिशेने ५६ अंश सेल्सिअस आले, तर आजच्या साध्या बांधकामाच्या पोलादासाठी उणे २७. त्या रात्री समुद्राचे पाणी सुमारे उणे २ अंश होते, हे ऐकून निकाल लागल्यासारखा वाटतो. तो लागत नाही, कारण हा आकडा धातूंची तुलना करण्यासाठी आहे. धारदार खाच आणि क्षणार्धात बसणारा घाव ही चाचणीने मुद्दाम निवडलेली सर्वांत वाईट परिस्थिती असते. हिमनग मात्र काही सेकंद कवचाला घासत गेला. खाच पाडलेल्या कांडीचे ज्यूल रिवेटने (पत्रे जोडणाऱ्या धातूच्या जाड खिळ्यांनी) जोडलेल्या सबंध कवचाला लावण्याचे कोणतेही सरळ सूत्र नाही.

तिसरा दावा भोकांच्या आकारापुढे टिकत नाही. १९१२ च्या चौकशीत जहाजबांधणी तज्ज्ञ एडवर्ड वाइल्डिंग यांनी पाणी शिरण्याच्या वेगावरून एकूण उघडे क्षेत्र सुमारे १२ चौरस फूट काढले होते, आणि १९९६ मध्ये ध्वनिलहरींनी केलेल्या पाहणीत गाळाखाली सहा अरुंद फटी आढळल्या. कवच ठिसूळपणे फुटले असते तर मोठी भगदाडे अपेक्षित होती. अरुंद फटी जोड उसवल्याकडे बोट दाखवतात, आणि धातुशास्त्रज्ञ टिम फोके यांना तपासलेल्या लोखंडी रिवेटमध्ये मळीचे (लोखंड बनवताना त्यात राहणाऱ्या काचेसारख्या अशुद्ध पदार्थाचे) प्रमाण फार जास्त आढळले. मला रिवेटचे हे स्पष्टीकरण अधिक सबळ वाटते, मात्र तपासलेल्या रिवेटची संख्या थोडी आहे हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

चौथ्या दाव्याबाबत एवढेच, की पुढचे चार कप्पे भरले तरी जहाज तरंगेल अशी रचना होती आणि पाणी त्याहून अधिक कप्प्यांत शिरले. पत्रा न तुटता नुसता वाकला असता, तरी जोड उसवल्यावर पाणी आत येणारच होते.