‘पगार उद्या, कॅप शून्य’ : एका फॉरवर्डला उत्तर

कॅनडा-अमेरिकेतल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतो आहे. आइस हॉकीच्या एनएचएल लीगमधले क्लब पगाराची मर्यादा कशी चुकवतात, हे म्हणे त्यात उघड केलंय. कॅनडात मिसिसागाला राहणाऱ्या भाच्यानं तो पाठवला आणि खाली एकच ओळ लिहिली : ‘मावशी, मीपण एचआरला विचारू का?’ ही ओळ वाचल्यावर गप्प बसणं शक्य नव्हतं.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. क्लब खेळाडूचा पगार पुढच्या वर्षांवर ढकलतात आणि ढकललेला पैसा मर्यादेत मोजलाच जात नाही. खेळाडूचा यात फायदाच होतो, रक्कम वाढते आणि करही लागत नाही, म्हणून नोकरदारांनीही पगार पुढे ढकलून मागावा. टँपा बे या क्लबनं एका खेळाडूची खोटी दुखापत दाखवून २०२१ चा स्टॅनले चषक, म्हणजे लीगचं विजेतेपद, मिळवला. सतरा-सतरा वर्षांचे करार करून आकडे अजूनही लपवले जातात. आणि एकूण ही मर्यादा म्हणजे मालकांचे खिसे भरायची युक्ती.

आधी मर्यादा म्हणजे काय ते. पगारावरच्या भांडणात २००४-०५ चा अख्खा मोसम रद्द झाला आणि त्यानंतर एनएचएलमध्ये ‘सॅलरी कॅप’ आली. २००५-०६ मध्ये ती ३ कोटी ९० लाख डॉलर होती, २०२५-२६ साठी ९ कोटी ५५ लाख होती. एका क्लबच्या सगळ्या खेळाडूंचा मिळून हिशेब त्याखाली बसवायचा. हिशेबात त्या वर्षी प्रत्यक्ष दिलेला पगार धरत नाहीत. कराराची एकूण रक्कम भागिले वर्षं, अशी सरासरी धरतात. याला ‘कॅप हिट’ म्हणतात.

आता पहिला मुद्दा. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या सामूहिक कराराचं कलम ५० पगाराच्या मर्यादेबद्दल आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्यानं ते उघडलं असतं तर हा मजकूर जन्मालाच आला नसता. खेळाडूचा करार संपल्यानंतर द्यायचा पैसाही मर्यादेत मोजला जातो, आणि तो त्याच्या आजच्या मूल्यानं मोजला जातो. आठ वर्षांनी मिळणारे १० लाख डॉलर म्हणजे आजचे १० लाख नव्हेत. व्याजदर ५ टक्के धरला तर ते आजचे सुमारे ६ लाख ७७ हजार होतात. कॅपमध्ये हाच आकडा चढतो. शून्य चढत नाही.

खरी उदाहरणं घ्या. कॅरोलायना हरिकेन्सनं २०२४ मध्ये सेथ जार्विसशी आठ वर्षांचा, ६ कोटी ३२ लाख डॉलरचा करार केला. साधी सरासरी वर्षाला ७९ लाख. रकमेचा काही भाग करार संपल्यावर द्यायचा असल्यानं कॅप हिट साधारण ७४ लाख २० हजार झाला. म्हणजे वर्षाला वाचले ४ लाख ८० हजारांच्या आसपास. त्या मोसमात लीगमधला किमान पगार ७ लाख ७५ हजार होता. ज्याला फॉरवर्ड ‘महाघोटाळा’ म्हणतो, त्या बचतीतून संघातला सगळ्यात स्वस्त खेळाडूसुद्धा येत नाही.

सगळ्यात टोकाचा करार अॅनाहाइम डक्सच्या फ्रँक व्हट्रानोचा, जानेवारी २०२५ मधला. तीन वर्षं, १ कोटी ८० लाख. त्यातले दरवर्षी ३० लाख खेळताना मिळणार, आणि उरलेले ९० लाख २०३५ पासून दहा वर्षं, वर्षाला ९ लाखांप्रमाणे. सरासरी ६० लाख असूनही कॅप हिट ४५ लाख ७० हजार. इथे बचत १४ लाखांवर जाते आणि ती दुर्लक्ष करण्यासारखी नाही, हे मान्य करावं लागेल. पण ती कुठून आली ते पाहा. व्हट्रानोनं आपले ९० लाख डॉलर दहा-वीस वर्षांसाठी क्लबकडे ठेवले आणि वर व्याज घेतलं नाही. कॅपमधली सूट म्हणजे त्यानं सोडून दिलेलं हेच व्याज.

यासोबत बेसबॉलच्या शोहेई ओहतानीचा ७० कोटींचा करार पुरावा म्हणून जोडलाय. त्यातले वर्षाला ६ कोटी ८० लाख पुढे ढकललेत हे खरं. पण बेसबॉलमध्ये अशी कडक मर्यादाच नाही. ठरावीक आकड्यावर खर्च गेला की क्लबला जास्तीचा कर भरावा लागतो, एवढंच. आणि त्या हिशेबातही ओहतानीचा आकडा हातात मिळणाऱ्या २० लाखांचा धरलेला नाही. तो सुमारे ४ कोटी ६० लाखांचा धरलाय.

आता तो मुद्दा, ज्यानं खरोखर कुणाचं तरी नुकसान होईल : ‘रक्कम वाढते, कर लागत नाही, तुम्हीही मागा.’

रक्कम वाढते हे बॉबी बोनियाच्या गोष्टीवरून उचललंय. न्यूयॉर्क मेट्स हा बेसबॉल क्लब त्याला २०११ ते २०३५ दर १ जुलैला सुमारे ११ लाख ९० हजार डॉलर देतो. मूळ देणं ५९ लाखांचं होतं. ते वाढलं, कारण त्याच्या करारात ८ टक्के व्याज लिहिलेलं होतं. व्हट्रानोच्या १ कोटी ८० लाखांत ढकललेले ९० लाख आधीच धरलेले आहेत. वर एक सेंटही नाही. व्याज लिहून घेतलेलं नसेल तर पुढे ढकललेल्या पगाराची किंमत दरवर्षी कमीच होत जाते.

आणि तो पैसा असतो कुठे? बहुतेकांना वाटतं, बँकेत त्यांच्या नावानं बाजूला पडलेला असतो. तो कंपनीच्या तिजोरीतच असतो, आणि कंपनी बुडाली तर तुम्ही तारण नसलेल्या घेणेकऱ्यांच्या रांगेत, बँकांच्या मागे उभे राहता. हॉकीतच याचा सगळ्यात मोठा दाखला आहे आणि फॉरवर्डमध्ये त्याचा उल्लेखही नाही. पिट्सबर्ग पेंग्विन्सनं १९९८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा त्यांचा सर्वांत मोठा खेळाडू मारियो लमियू याचे सुमारे ३ कोटी २५ लाख डॉलर क्लबकडे अडकलेले होते. बहुतेक सगळा पुढे ढकललेला पगार. तारण नसलेल्या घेणेकऱ्यांत सगळ्यात मोठा तोच होता. रोख पैसा मिळण्याची आशा नव्हती, म्हणून १९९९ मध्ये त्यानं येणं असलेल्या रकमेचा मोठा भाग मालकी हक्कात बदलून घेतला आणि इतर गुंतवणूकदारांना सोबत घेऊन क्लबच ताब्यात घेतला. लमियूला हे जमलं. मिसिसागातल्या सॉफ्टवेअर इंजिनिअरला त्याची कंपनी कुणी देणार नाही.

कराचं तर आणखी वाईट. कॅनडाच्या आयकर कायद्यात कलम २४८(१) मध्ये ‘सॅलरी डिफरल अरेंजमेंट’ची व्याख्या आहे. कर लांबवणं हा एक मुख्य हेतू ठेवून पगार पुढे ढकललात, तर तो ज्या वर्षी कमावला त्याच वर्षी करपात्र धरला जातो. पैसा हातात नाही, पण कर आत्ता भरायचा. याला काही ठरावीक अपवाद आहेत, उदाहरणार्थ तीन वर्षांच्या आत दिला जाणारा बोनस. आणि त्याच यादीत आणखी एक अपवाद आहे : ठरावीक वेळापत्रकानं सामने खेळणाऱ्या लीगमधल्या संघाचा व्यावसायिक खेळाडू. टोरांटो मेपल लीफ्सच्या जेक मॅककेबला २०२४ मध्ये अशी रचना करून घेता आली ती या सवलतीच्या छत्राखाली. त्याच शहरात ऑफिसात बसणाऱ्या माणसाला हे छत्र नाही. फॉरवर्ड वाचून एचआरला गळ घालणाऱ्या प्रत्येकानं हे एक कलम आधी वाचावं.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी नियम वेगळा, पण सैल नाही. तिथे कलम ४०९ए आहे. साधारणपणे काम करण्याच्या वर्षाआधीच लिहून द्यावं लागतं की किती पगार ढकलायचा आणि कधी घ्यायचा. मध्येच मन बदललं किंवा कागद चुकीचे झाले, तर रक्कम ताबडतोब करपात्र होते आणि वर २० टक्के जादा कर बसतो, तोही कर्मचाऱ्यावर.

इथे अर्धं सत्य आहे ते सांगते. अमेरिकेच्या १९९६ च्या एका संघीय कायद्यानुसार, निवृत्तीनंतरची काही देणी दहा किंवा जास्त वर्षांत साधारण समान हप्त्यांनी मिळत असतील, तर माणूस ज्या राज्यात राहायला गेला तेच राज्य त्यावर कर लावू शकतं, पूर्वी जिथे कमावलं ते नाही. कॅलिफोर्नियाचा वरचा दर १३.३ टक्के, फ्लोरिडा किंवा टेक्सासचा शून्य. कॅलिफोर्नियात खेळणाऱ्या व्हट्रानोचे हप्ते दहाच वर्षांचे असणं या गणितात नेमकं बसतं. पण वाचतो तो राज्याचा कर. संघीय कर पैसा मिळेल त्या वर्षी भरावाच लागतो.

टँपा बेच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे, मजकुरात आहे त्यापेक्षा वेगळं. त्यांच्या निकिता कुचेरोव्हची कंबरेच्या सांध्याची शस्त्रक्रिया डिसेंबर २०२० मध्ये खरोखर झाली. ‘खोटी दुखापत’ हा आरोप बेजबाबदार आहे. वर्षाला ९५ लाखांचा कॅप हिट असलेला हा खेळाडू दीर्घकालीन जखमी यादीत, म्हणजे एलटीआयआरवर गेला. निदान १० सामने आणि २४ दिवस बाहेर राहणार असेल तर या यादीत टाकता येतं. त्याचा कॅप हिट पुसला जात नाही. त्याच्या जागी माणूस आणण्यापुरतं मर्यादेबाहेर जाण्याची मुभा क्लबला मिळते. ५६ सामन्यांचा नियमित मोसम तो एकही सामना खेळला नाही आणि प्लेऑफच्या, म्हणजे नियमित मोसमानंतर चषकासाठी होणाऱ्या बाद फेऱ्यांच्या, पहिल्याच सामन्यात उतरला. त्या प्लेऑफमध्ये ३२ गुण मिळवून सगळ्यांच्या पुढे होता. ८ कोटी १५ लाखांची मर्यादा असताना संघाची बेरीज सुमारे १ कोटी ८० लाखांनी वर होती आणि तरी नियम मोडला गेला नव्हता. कारण कॅप रोजच्या रोज मोजली जायची, पण फक्त नियमित मोसमात. खेळाडूंचा पगार मोसमाच्या शेवटच्या दिवशी संपतो, म्हणून प्लेऑफमध्ये मोजणीही थांबायची. भोक इथे होतं, आणि हे खरं भोक होतं. शिकागोला २०१५ मध्ये पॅट्रिक केनमुळे ते सापडलं होतं, व्हेगसनं मार्क स्टोनच्या बाबतीत दोन वर्षं वापरलं, फ्लोरिडानं २०२५ मध्ये मॅथ्यू ट्काचुकच्या. दशकभर ते उघडं ठेवणं ही लीगची चूकच. व्हेगस २०२४ मध्ये पहिल्याच फेरीत हरला, तेव्हा ‘चषक विकत मिळतो’ हेही खरं नाही.

२०२५-२६ पासून प्लेऑफमध्ये त्या दिवशी खेळणाऱ्या २० जणांची बेरीज मर्यादेत बसवावी लागते. आणि खेळाडू त्याच मोसमात परतणार असेल, तर त्याच्या जागी मिळणारी सूट लीगच्या सरासरी पगारापुरती, २०२५-२६ मध्ये सुमारे ३८ लाखांची. पगार ढकलणारे नवे करारही २०२५-२६ चा मोसम सुरू होताना बंद झाले. फॉरवर्डमध्ये या बंदीचा पत्ताच नाही. जे आता करता येत नाही ते ‘सध्या चालू आहे’ म्हणून लोकांना सांगितलं जातंय.

सतरा वर्षांचा करार एकच गाजला, इल्या कोवलचुकचा, न्यू जर्सी डेव्हिल्सशी, २०१० मध्ये. १० कोटी २० लाख, त्यातले साडेनऊ कोटी पहिल्या दहा वर्षांत, शेवटी काही वर्षं फक्त साडेपाच लाख. वयाच्या ४४ व्या वर्षापर्यंत सरासरी खाली ओढायची म्हणून. लवादानं तो करार रद्द ठरवला. २०१३ च्या सामूहिक करारानं खेळाडूचा करार सात-आठ वर्षांपलीकडे जाऊ नये आणि सर्वांत कमी पगाराचं वर्ष सर्वांत जास्तीच्या निम्म्याखाली जाऊ नये, असं ठरवलं.

राहिला मालकांच्या खिशाचा मुद्दा. लीगच्या उत्पन्नातला ५० टक्के वाटा खेळाडूंचा, असं ठरलेलं आहे. पगारातून काही टक्के ‘एस्क्रो’ म्हणून कापून ठेवतात आणि एकूण पगार त्या वाट्यावर गेले तर ती कपात मालकांना परत जाते. म्हणजे एखाद्या क्लबनं जखमी यादीच्या आधारे जास्तीचे पगार दिले, तर त्याचा भार इतर ३१ संघांतल्या खेळाडूंच्या कपातीवरही पडतो. २०१३ च्या करारापूर्वी खेळाडूंचा वाटा ५७ टक्के होता आणि तो खाली आला, ही तक्रार रास्त आहे. ती मांडायची तर याच आकड्यांनिशी मांडावी, आणि त्यासाठी कुणाला पगार पुढे ढकलायचा सल्ला देण्याची गरज पडत नाही.