एक दिवस खाडा झाला म्हणून शून्य होत नाही

'वाईट काळातून बाहेर पडायचं जपानी रहस्य' नावाचा मेसेज सध्या सगळीकडे फिरतोय. सोसायटीच्या ग्रुपवर आला, शाळेच्या ग्रुपवर आला, म्हटलं जाऊ दे. पण काल तो भांडुपला मावशीपर्यंत पोचला आणि तिचा फोन, "गोळ्या बंद करून बघू का गं?" काका गेल्यापासून ती डिप्रेशनवर उपचार घेतेय, आत्ता कुठे जरा जेवायला-झोपायला लागलीय. म्हणून हे लिहितेय, आणि ज्यांनी पुढे ढकललाय त्यांनी वाचाच.

मेसेज काय म्हणतो, तर रोज 1 टक्का सुधारा, वर्षात 37 पट व्हाल. 21 दिवसांत सवय लागते, पण एक दिवस जरी चुकला तर मोजणी पुन्हा शून्यापासून. डिप्रेशन म्हणजे आळसाचं गोंडस नाव, औषधं सोडा, छोटी पावलं टाका. आणि दशरथ मांझींनी एकट्याने डोंगर फोडला, तुम्हाला कोणाची गरजच काय!

37 पटीचं गणित बरोबर आहे हो, 1.01 चा 365 वा घात काढला की 37.8 च्या आसपास येतं. पण चक्रवाढ एफडीला लागते, माणसाला नाही. मावशी आज कंपाउंडमध्ये दहा मिनिटं चालते, म्हणजे पुढच्या वर्षी तिने रोज सहा तासांच्या वर चालायचं? मग कुकर कोण लावणार, अ‍ॅडमिन?

जपानी म्हणजे कायझेन म्हणायचं असणार. तो कारखान्यातला प्रकार आहे, टोयोटासारख्या ठिकाणी सगळे कामगार मिळून काम सुधारतात. एकट्या पडलेल्या बाईला ऐकवायचा उपदेश नाही तो. पुढे.

आता 21 दिवस. हे आलं कुठून, तर मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने 1960 साली लिहिलं की ऑपरेशननंतर पेशंटला आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान 21 दिवस लागतात. त्यातलं 'किमान' गळालं, चेहरा गळाला, राहिले फक्त 21. खरोखर मोजलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी, 2009 मध्ये अभ्यास आला. 96 जणांनी आपापली एक साधी सवय निवडली, जेवताना फळ खाणं, पाणी पिणं, चालणं-धावणं असलं काहीतरी, आणि 12 आठवडे नोंदी ठेवल्या. सवय अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्यक, म्हणजे अगदी मधला आकडा, 66 आला, कोणाला 18 तर कोणाला, नोंदींवरून पुढचा अंदाज काढून, थेट 254. आणि जे या मेसेजवाल्यांनी भिंतीवर लावायला हवं ते असं की एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही.

फरक नाही पडत! आणि इथे मावशी, कंपाउंडमध्ये पाणी भरलं म्हणून एक दिवस खाली उतरली नाही, तर दुसऱ्या दिवशी ऊन पडलं तरी उतरली नाही, का तर "आता शून्यच झालं ना". ज्या माणसाला आंघोळीला उठायचीसुद्धा ताकद लागते त्याच्या हातात तुम्ही हजेरीपट देता आणि खाडा झाला की फुली मारता, याला आधार म्हणतात?

बरं, छोट्या पावलांचं अर्धं खरं आहे, तेही मान्य करते. डिप्रेशनच्या उपचारात बिहेवियरल अ‍ॅक्टिव्हेशन नावाची पद्धतच आहे, मूड यायची वाट न बघता छोटी छोटी कामं ठरवून करायची, मूड मागून येतो. पण ती त्याचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसाच्या मदतीने करतात, आणि गरज असेल तर गोळ्या चालू ठेवून. डिप्रेशनच्या गोळ्या एकदम सोडल्या तर अनेकांना चक्कर येते, झोप उडते, जीव घाबरा होतो, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं, आणि आजार उलटू शकतो तो वेगळाच. कमी करायच्याच तर डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. (घ्या, हीच ती छोटी पावलं, नेमकी इथे कोणाला आठवत नाहीत.)

राहिले दशरथ मांझी. बिहारमधल्या गया जिल्ह्यातल्या गेहलौरचा हा मजूर, 1960 ते 1982, बावीस वर्षं छिन्नी-हातोड्याने डोंगर फोडत होता. कशासाठी? बायकोला दुखापत झाली आणि दवाखाना डोंगराच्या पलीकडे, वळसा घालून कित्येक मैलांवर. दवाखान्यापर्यंत पोचता यावं म्हणून त्याने डोंगर फोडला, आणि तुम्ही त्याचाच फोटो लावून एका आजारी बाईला सांगताय की डॉक्टरकडे जाऊ नकोस!

सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, 14416, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. मुंबईत केईएम, नायर, सायन या तिन्ही हॉस्पिटलांत मानसोपचाराची ओपीडी आहे, केसपेपर काढायचा आणि बसायचं, रांग असते. मावशीच्या गोळ्या चालू आहेत, पुढच्या तारखेला मी तिच्याबरोबर जातेय. तोवर तिला काही पाठवायचं असेल तर आधी मला पाठवा.