पेरणीचा सौदा आणि आजीची मूठ

आज दुपारी आमच्या चर्चच्या मंडळीतील एका भगिनीचा फोन आला. ती चार घरची धुणीभांडी करते, नवरा वारला आहे आणि मुलगी यंदा बारावीला आहे. "ताई, त्या चौकोनी कोडवर पैसे कसे टाकायचे तेवढं सांगा," एवढेच तिला विचारायचे होते. पैसे कोणाला पाठवायचे आहेत असे मी विचारले, तेव्हा कळले की मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी एका प्रचारकाचा व्हिडिओ टाकला आहे आणि त्यात तो सांगतो की, जो आज रात्री बारापूर्वी 'विश्वासाचे बीज' पेरील त्याला परमेश्वर शंभरपट पीक देईल. पेरायला निघालेले हे बीज म्हणजे मुलीच्या कॉलेजप्रवेशासाठी तिने बाजूला ठेवलेले पैसे होते. मी तिला कोड वापरायला शिकवले नाही. फोन ठेवल्यापासून डोके तापलेले आहे, म्हणून लिहायला बसले.

व्हिडिओ मी शेवटपर्यंत पाहिला. अशा लोकांना जी दोनच वचने पाठ असतात ती दोन्ही त्यात होती: मलाखीच्या पुस्तकातील दशमांश, म्हणजे कमाईचा दहावा हिस्सा देवाला द्यायची आज्ञा, आणि मार्कच्या शुभवर्तमानातील दानपेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी क्षुल्लक नाणी, टाकणारी विधवा. त्या विधवेने आपली सगळी उपजीविका टाकली, तर तुम्ही हातची अंगठी का राखून ठेवता, असे हे गृहस्थ उंच मंचावरून विचारत होते. त्यांच्या शास्त्राच्या प्रतीत मार्कचा बारावा अध्याय अर्ध्यातून सुरू होतो की काय, कोण जाणे, कारण त्या विधवेच्या अगदी आधीच्या ओळींत प्रभू येशू लांब झगे घालून मिरवणाऱ्या, सभास्थानात मुख्य आसने मागणाऱ्या आणि विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांपासून सावध राहायला सांगतो. ज्या अध्यायात ही ताकीद आहे तोच अध्याय हातात धरून विधवेच्या मुलीची फी मागायची, याला मी सेवा म्हणणार नाही. हा मटक्याचा आकडा आहे, फक्त तो प्रार्थनेनंतर लावायचा.

कोणी म्हणेल की दशांश तर शास्त्रातच आहे आणि पाळकांना, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंनाही, पोट आहे. आहे, मान्य आहे, आणि आमच्या घरून दशांश जातो. पण दशांश देणे वेगळे आणि देवाला व्याजाने पैसे लावणे वेगळे.

मला अशा वेळी माझी आजी आठवते. नेवासे तालुक्यातील एका खेड्यात ती मजुरी करत असे आणि तीही विधवाच होती. रोज दळायला बसण्यापूर्वी ज्वारीतून एक मूठ काढून ती एका पत्र्याच्या डब्यात टाकायची आणि रविवारी ते धान्य पदराच्या गाठीत बांधून उपासनेला न्यायची. पाळकांच्या पत्नीकडे अशा बऱ्याच जणींच्या मुठी जमा होत आणि ज्या घरी त्या आठवड्यात चूल पेटलेली नसे तिथे ते धान्य पोहोचत असे. त्यात आजीने काही नवे शोधून काढले नव्हते. मिझोरामच्या मंडळ्यांत स्त्रिया आजही स्वयंपाकापूर्वी मूठभर तांदूळ बाजूला काढतात आणि त्या मुठींवर तिथे मोठमोठी सेवाकार्ये चालतात. आजीला मिझोराम कुठे आहे हेही ठाऊक नव्हते. तू हे का करतेस असे कोणी विचारले तर ती म्हणायची, "आज चूल पेटली ना आपली, मंग देवाचं देऊन टाकावं." उद्या काय मिळेल याचा तिच्या त्या वाक्यात पत्ताच नव्हता. जे द्यायचे ते आज मिळालेल्या भाकरीबद्दल, आणि तिथेच हिशेब संपला.

१९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा ती रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होती. घरात रेशनचा तांबडा मिलो, म्हणजे परदेशी ज्वारी, होती, कामावर सुकडी मिळत होती, आणि तरीही तिची मूठ चालू होती. हे सांगताना माझा गळा दाटून येतो. माझ्या वडिलांचा मात्र येत नाही. ते तेव्हा लहान होते आणि आजही स्पष्ट सांगतात, "तुझ्या आजीची ती मूठ माझ्या ताटातून जात होती." त्यांचे खोटे नाही. मोठ्यांनी उदार व्हायचे आणि पोरांनी त्याची किंमत मोजायची, हे आपल्याकडे पुष्कळ झाले आहे. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांच्या उदारपणाचे आपण एवढे कौतुक करतो, १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारणाऱ्या त्या माणसापुढे आपण हात जोडतो, पण पदरी काही नसताना घर चालवायचे काम त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्याच वाट्याला आले होते. म्हणून वडिलांशी मी या विषयावर वाद घालत नाही. फक्त एवढेच सांगते की आजी स्वतः त्या दिवसांत त्यांच्यापेक्षा कमी जेवत होती, आणि हे मला त्यांनीच सांगितलेले आहे.

समाधानाचे वचन आपण सगळ्यांनी पाठ केले आहे. ज्या स्थितीत आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे, असे प्रेषित पौल फिलिप्पैकरांस लिहितो, आणि ते वाक्य सुंदर अक्षरांत छापून आपण दिवाणखान्यात लावतो. ते पत्र तो बंदिवासातून लिहीत आहे आणि फिलिप्पीच्या मंडळीने त्याच्या गरजेसाठी जे पाठवले त्याची ती पोच आहे, हे मात्र आपण विसरतो. तो त्यांचे उपकार मानतो, पण मला देणगीचा लोभ नाही असेही लिहितो आणि आणखी पाठवा असे सुचवतही नाही. फिलिप्पी ज्या मासेदोनिया प्रांतात होते तिथल्या मंडळ्यांविषयी करिंथकरांस लिहिताना तो सांगतो की आत्यंतिक दारिद्र्यात असूनही त्यांनी शक्तीपलीकडे दिले आणि देऊ द्या म्हणून आग्रह धरला. देणारे गरीब, घेणारा कैदी, आणि दोन्हीकडे समाधान. या व्यवहारात शंभरपटीची भाषा कुठे बसते, ते मला कोणी दाखवून द्यावे.

शुभवर्तमानातील श्रीमंत जकातदार जक्कय याचेही तेच. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला लुबाडले त्याला चौपट परत, हे तो बोलला तेव्हा प्रभूने त्याच्या घरी उतरायचे आधीच ठरवलेले होते. आधी भरणा कर, मग येतो, असे प्रभू त्याला म्हणाला नव्हता.

आता थोडे आपल्याविषयी, कारण सगळा राग त्या मंचावरच्या माणसावर काढणे सोयीचे आहे. तो व्हिडिओ ग्रुपवर टाकणारे आपल्यातलेच आहेत, आणि त्याखाली 'आमेन' लिहिणाऱ्यांत पेन्शनर आहेत, शिक्षक आहेत, परदेशात मुले असलेले आहेत. आपण बीज पेरत नाही, आपण नुसते आमेन लिहितो. पेरते ती चार घरची भांडी घासणारी. मुलाच्या लग्नात बँड आणि हॉल यांवर किती खर्च झाला ते आपल्याला तोंडपाठ असते, पण दानथैली पुढे आली की खिशातली सगळ्यात जुनी नोट शोधली जाते. मंडळीच्या जागेसाठी कोर्टात वर्षानुवर्षे वकील पोसणारे आपणच, आणि नाताळच्या संदेशात गव्हाणीतल्या गरिबीवर डोळे पुसणारेही आपणच. प्रभूचे नाव घेणाऱ्यांना पुरेसे कधी वाटणार आहे, हे मला खरोखर कळत नाही.

आजीच्या मुठीची एक गोष्ट मी मोठी झाल्यावर ऐकली. ज्या घरी ते धान्य सर्वांत जास्त वेळा गेले ते घर तिच्या दिराचे होते. त्या माणसाने बांध कोरून तिच्या जमिनीची पट्टी आत घेतली होती आणि तो पीत असे. धान्य कुठे जाते हे तिला ठाऊक होते. बांधावरून तिने त्याच्याशी भांडण केले, तलाठ्याकडे खेटे घातले, पंचांपुढे त्याला उभे केले, आणि त्याच रविवारी गाठ सोडून ज्वारीही दिली. त्याच्या लेकरांनी बांध कोरला नव्हता, असे तिचे म्हणणे होते.

हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण समाधान म्हणजे गप्प बसणे असा सोयीचा अर्थ आपल्या लोकांना फार वेळा शिकवला गेला. आपल्यापैकी बहुतेकांचे पूर्वज गावकुसाबाहेरचे. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. पुढे १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध बांधवांचा त्यात समावेश झाला, आपला अजून नाही. अशा माणसाला 'आहे त्यात समाधान मान' असे सांगणे हा शास्त्राचा दुरुपयोग आहे, अशी टीका होते आणि ती मला नाइलाजाने का होईना, मान्य करावी लागते. पण पौलाला गप्प बसणारा समजणाऱ्यांनी प्रेषितांची कृत्ये, अध्याय सोळा वाचावा. त्याच फिलिप्पी शहरात त्याला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकले होते, आणि सकाळी गुपचूप निघून जा असा निरोप आला तेव्हा त्याने सांगितले की आम्ही रोमी नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावे. हक्क मागणारा आणि समाधानी असणारा हा एकच माणूस आहे. पंडिता रमाबाईंनीही जन्मभर भांडण केले. स्वतःचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गमावलेल्या या बाई १८९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली घेऊन आल्या, आणि पुणे जिल्ह्यातील केडगावच्या माळावर राहायला धड इमारती नसताना त्यांना ठेवून घेतले. आधी इमारत होऊ दे, मग देऊ, असे त्या म्हणाल्या असत्या तर केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिलेच नसते.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे. त्या भगिनीला मी संध्याकाळी परत फोन केला. ती म्हणाली, "ताई, मला काय लोभ नाही, पोरीचं भलं व्हावं एवढंच वाटलं." तिला दोष देण्याची माझी हिंमत नाही. भीती वाटते तेव्हा माणूस असा सौदा करायला तयार होतो, आणि तिची भीती दूर करणे हे मंडळीचे काम होते, ते आपण केले नाही.

पुढच्या महिन्यात आपला उपकारस्तुतीचा सण आहे. वेदीपुढे भोपळे, कणसे, अंडी, नारळ येतील, लिलाव होईल, एकच लिंबू कोणीतरी शंभर रुपयांना घेईल आणि हसत पुन्हा लिलावाला ठेवील. मला तो लिलाव मनापासून आवडतो. आपली मंडळी त्या एका दिवशी खरोखर मोकळ्या हाताची असते. या वर्षी त्या रकमेतून प्रथम मंडळीच्या वस्तीतील मुलामुलींची फी भरावी, त्यात ख्रिस्ती, हिंदू, मुसलमान असा भेद करू नये, आणि रंगरंगोटीचा विचार उरलेल्या पैशांतून व्हावा, अशी मागणी मी पंचकमिटीकडे लेखी देणार आहे. अर्ज माझ्याकडे तयार आहे. ज्यांना सही करायची आहे त्यांनी रविवारी उपासनेनंतर मला भेटावे. ज्यांना खाली फक्त 'आमेन' लिहायचे आहे त्यांनी कृपया या वेळी लिहू नये.