मारुती ८०० बद्दलचा तो मेसेज चुकीचा आहे

नागपूरच्या ग्रुपांमधे फिरून राहिलंय की मारुती ८०० संजय गांधींनी बनवलेली पूर्ण भारतीय गाडी. नाही हो. ते १९८० मधे गेले, मारुती उद्योग कंपनी १९८१ ची, सुझुकीशी करार १९८२ चा, आणि गाडी मुळात सुझुकीची फ्रॉन्टे, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, पहिली चावी इंदिरा गांधींनी १४ डिसेंबर १९८३ ला दिली. छोट्या गाडीचं स्वप्न संजय गांधींचं होतं हे खरं, पण ही गाडी त्यांची नाही.

आमच्या धरमपेठेच्या घरी जुनी कार्ब्युरेटरवाली अजून आहे, मे महिन्यात फ्लायओव्हर चढताना एसी बंद करावाच लागते, पण थंडीत चोक ओढला की पहिल्याच सेल्फला चालू.

आणि मारुती ८०० ही २०१० ला बंद झाली म्हणतात तेही चूक, तेव्हा फक्त मोठ्या शहरांतली विक्री थांबली, प्रॉडक्शन जानेवारी २०१४ पर्यंत होतं.